गच्चीवरची भाजी, फ्रीजमधली भाजी

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर भाजी लावली तेव्हा वाटलं होतं, रोज ताजी भाजी खाऊ. भाजी आली, पण सगळी एकदम! मग ती टिकवायची कशी, यावरून घरोघरी जे काही घडलं ते आम्ही रविवारी पाणी घालता घालता एकमेकांना सांगतो. एकाने सांगितलं की दुसऱ्याला आपलं आठवतं, आणि पाइप तसाच वाहत राहतो.

*

पहिला मान तन्वीचा. आयटीतली मुलगी, एकटी राहते. पहिलाच पालक खुडला, तर तिने तो स्वच्छ धुतला, ओलाच पिशवीत कोंबला, घट्ट गाठ मारली आणि फ्रीजमध्ये ठेवला. दोन-चार दिवसांनी तीच पिशवी घेऊन रडवेली होऊन वर आली.

तिसऱ्या मजल्यावरच्या आपटे काकांनी पिशवी उजेडात धरली. "पालक होय! मला वाटलं, कुंड्यांना द्यायला ऑइल पेंट आणलात."

तन्वी आणखीच कसनुशी झाली. संध्याकाळी तिची बेल वाजली. दारात काका, हातात त्यांच्या कुंडीतला पालक, कोरड्या कागदात गुंडाळलेला.

"चिरायच्या वेळी धुवायचा. आल्या आल्या आंघोळ घालायला तो काय पाहुणा आहे?"

*

आमच्याकडची गोष्ट कोथिंबिरीची. मी ती मुळांसकट उपटते आणि ग्लासभर पाण्यात उभी करून फ्रीजमध्ये ठेवते. मस्त टिकते!

एका दुपारी जुडी काढून चिरायला घेतली, तेवढ्यात फोन वाजला. परत येते तर ओट्यावरचा ग्लास रिकामा! उन्हातून आलेले माझे सासरे, अण्णा, तोंड पुसत उभे.

"सूनबाई, पाण्याला काय सुरेख वास आहे गं! काय घातलंस?"

खरं सांगायचा धीर होईना. "वाळा, अण्णा."

तेव्हापासून त्यांच्या तांब्यात मी रोज कोथिंबिरीची एक काडी टाकते. धुऊन!

*

मेश्राम काकू मूळच्या भंडाऱ्याच्या. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून त्या सावलीत वाळवतात आणि बरणीत भरून ठेवतात. त्यातला थोडा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या लेकीला, प्रज्ञाला, कुरियर केला.

"आई, कशाला पाठवतेस? इथे सगळं ऑनलाइन मिळतं," प्रज्ञा वैतागली.

काकू हिरमुसल्या. पुढे बरेच दिवस पाल्याचा विषयच नाही. मग एका रविवारी आम्ही सगळे गच्चीवर असताना प्रज्ञाचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"आई, ते वाळवलेलं... संपलं गं." मग हळूच, "ते नाही मिळत ऑनलाइन."

*

आपटे काकांच्या घरी शेपू फक्त शैला काकू खातात. काकांना वासही सहन होत नाही. शेपूच्या दिवशी ते घरभर खिडक्या उघडत फिरतात.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा शेपू नेमका तयार झाला आणि त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. काकांनी तो स्वतः कापला, ओलसर पंच्यात गुंडाळला आणि फ्रीजमध्ये ठेवला. हॉस्पिटलमधून आले की आधी पंचा बदलायचे, पिवळ्या काड्या वेचायचे, मग चहा.

काकूंचं घरी येणं लांबत गेलं. कधी ताप, कधी छातीत पाणी. जुडी बारीक होत चालली.

मला राहवेना. "काका, आता नाही हो टिकणार. मी भाजी करून फ्रीजरमध्ये ठेवते."

"तिचा आहे तो," काका म्हणाले. "तिला विचारल्याशिवाय नाही."

अखेर काकू घरी आल्या. चेहरा एवढासा झालेला. खुर्चीत बसून त्यांनी शेपू निवडला. मूठभर उरला. त्या सांगत गेल्या तशी मी मुगाची डाळ घालून फोडणी दिली. सगळी भाजी एका वाटीत मावली.

काकू जेवायला बसल्या, तर काकांनी आपलंही ताट पुढे केलं! काकू बघतच राहिल्या. मग चमचाभर वाढली. काकांनी पोळीत घेऊन घास तोंडात टाकला.

"अहो, कशी झालीय?"

"भयंकर," काका म्हणाले. "अजून वाढ."