दत्ताचा फोटो आणि शैलाताई

शैलाताई आज पहाटे गेल्या. माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही.

आजच्या दिवशी असं लिहू नये, कळतंय मला. पण सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो आहे आणि खाली "देवमाणूस". माझी जीभ उचलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

नांदेडला ताईंची बायांची संस्था. घरात मार खाणाऱ्या बायांसाठी सुरू झालेली.
मग गावागावांत पोरं फोनवरचे व्हिडिओ बघून दुसऱ्या धर्माच्या माणसावर धावून जायला लागली, तेव्हा ताईंनी आयांच्या बैठका सुरू केल्या. हिंदू आया, मुसलमान आया, एकाच सतरंजीवर.
"पोरगं बिघडून राहिलंय हे पोलिसांच्या आधी आईला कळतं," ताई म्हणायच्या.

मी तिथं नऊ वर्षं होते.
नवऱ्यानं डोकं फोडलं तेव्हा मला घ्यायला अहमदपूरला, माझ्या माहेरी, ताई स्वतः आल्या होत्या. काय झालं, कसं झालं, काही नाही. पहिला प्रश्न, "वंदना, जेवलीस का?"

म्हणून दत्ताचं मी त्यांनाच सांगितलं.

दत्ता माझा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना गावातल्या एका ग्रुपमध्ये शिरला. जोडपी अडवायची, पोरीच्या सोबत कोण आहे ते बघायचं, नाव विचारायचं, मारायचं. त्याच्या फोनमध्ये मला 'नजर ठेवायच्या' मुलींच्या नावांची यादी सापडली. त्यात माझ्या मैत्रिणीची पोरगी होती.

मी बैठका घेत फिरणारी बाई, आणि हे माझ्याच घरात.

ताई म्हणाल्या, "कुणाला बोलू नको. मीपण न्हाई बोलणार. त्याला गाडीवर पाठव माझ्याकडं."

संस्थेच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून घेतलं त्याला. बैठकीला आमच्यासोबत यायचा, पण बाहेर गाडीत बसून राहायचा. मग दारात उभा राहायला लागला. मग आत.
हदगावची शबाना माझ्यासोबत काम करायची. एकदा दुपारी तिच्या अम्मीनं त्याला विचारलं, "बेटा, खाना हमारे यहाँ खाएगा ना?"
तो मान खाली घालून बसला. मग जेवला.

मी गुपचूप फोटो काढला. दत्ता, ताट, शेजारी वाढणारी अम्मी. दत्ता हसतोय.
लगेच ताईंना पाठवला. "ताई, बघा!"

त्याच आठवड्यात त्यानं माझ्यासमोर तो ग्रुप सोडला. "अक्का, लई वाईट वागलो मी," म्हणाला. तेव्हा वाटलं, जिंकलो आपण.

पुढं लातूरला मोठा कार्यक्रम झाला. बाहेरचे पाहुणे, फंडिंगवाले, कॅमेरे. ताई स्टेजवर बोलत होत्या. मी मागच्या रांगेत.

आणि पडद्यावर दत्ता आला.

डोळ्यांवर काळी पट्टी. बाकी सगळं तसंच. ताट, अम्मी, त्याच्या भुवईवरची खोक.
"आमच्याच एका कार्यकर्तीचा भाऊ," ताई म्हणाल्या. हॉल टाळ्यांनी दणाणला.

संध्याकाळपर्यंत त्या भाषणाचा व्हिडिओ अहमदपुरात सगळ्यांच्या फोनवर होता.

मी ताईंना विचारलं. म्हणाल्या, "नाव कुठं घेतलं मी? चांगल्या कामासाठीच सांगितलं ना?"

दत्ता एवढंच बोलला, "हा फोटो फकस्त तूच काढू शकतीस, अक्का. तू मला इकलंस."

मला वाटलं, आता ग्रुपमधली जुनी पोरं येऊन त्याला मारणार.
ती आली. मारलं नाही. खांद्यावर हात टाकून चहाला घेऊन गेली. "बघ, तुझ्या घरच्यांनी तुला पडद्यावर नागडं केलं. आम्ही हाव ना तुला."

तो परत गेला त्यांच्यात. अजून तिथंच आहे.
फसवून जेवू घातलं म्हणून सांगत फिरतो. शबानाच्या अम्मीच्या कानावर गेलं. त्या इतकंच म्हणाल्या, "दो बार चावल माँगा था उसने."

मी राजीनामा दिला. ताईंचा फोन उचलणं बंद केलं.

मागच्या महिन्यात शबाना मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. ताई पार वाळल्या होत्या.
"दत्ता बोलतो का तुझ्याशी?"
"न्हाई."
त्यांनी नजर छताकडं वळवली. मग म्हणाल्या, "एवढी माणसं ऐकून राहिली होती, वंदना. मला ऱ्हावलंच न्हाई."

सॉरी म्हणाल्या नाहीत. त्या कधीच कुणाला सॉरी म्हणाल्या नाहीत. आणि मला "जाऊ द्या ताई" म्हणता आलं नाही. मी पाणी पाजलं आणि निघाले.

सकाळी दत्ताला फोन लावला. चुकून उचलला त्यानं.
"शैलाताई गेल्या रे."
"बरं झालं," म्हणाला. ठेवला.

ज्या बाईनं त्याला माणसात आणलं, तिच्या मरणावर तो "बरं झालं" म्हणतो. आणि त्याला तसं बोलायला लावलं तेही तिनंच. हे मी कुणाला सांगू?

शबाना म्हणतेय, शोकसभेत चार शब्द बोल. बोलणार नाही. जे होतं ते इथं लिहिलं.

पण मी नांदेडला निघालेय. एसटीत बसूनच हे टाइप करतेय. ताईंना मूलबाळ नाही. त्यांना आम्ही बायाच खांदा देणार आहोत. पुरुषांनी आडवं येऊ नये.

ताई, माफ केलेलं नाही.
येतेय. खांदा माझाही असेल.