आत्ता कोण उठलं?

ऑफिसात शिरल्यावर ते कोणाच्या तोंडाकडे पाहत नसत. आधी जवळची रिकामी खुर्ची गाठायचे, तिच्या बैठकीवर तळहात टेकवायचे आणि डॉक्टर कपाळाचा ताप बघतात तसे क्षणभर थांबायचे. खुर्ची गार लागली तर गप्प. गरम लागली, की मान वर.

"आत्ता कोण उठलं?"

उठणारा चहाला गेलेला असो की बाथरूमला, त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. "आन् कॉम्प्युटर उघडा टाकून उठला?"

तुम्ही कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली असेल, तर कॉम्प्युटरवाल्या माणसाविषयी तुमचं एक मत बनलेलं असेल. माझंही होतं. हा माणूस आपल्याला गरजेपेक्षा एक वस्तू जास्त विकणार, हे ते मत. आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवते. ऑफिस तळवड्याला, मोठं युनिट चाकणला. वार्षिक करारावर येणारी सगळी माणसं माझ्या हाताखालून जातात. फिल्टरवाला, एसीवाला, झेरॉक्स मशीनवाला. सगळ्यांची कोटेशनं मी तीन ठिकाणांहून मागवते. कॉम्प्युटरच्या कामासाठी त्यांचंही मागवलं होतं.

ते मूळचे लातूरकडचे, राहायला थेरगावला. थेरगावात कुठे, ते कधी कळलं नाही. एकदा म्हणाले, डांगे चौकाच्या अलीकडे. दुसऱ्यांदा म्हणाले, पलीकडे. मी विचारलं, "घर बदललं का?" तर म्हणाले, "तुम्ही कशाला विचारायलात?"

त्यांच्या डब्याच्या पिशवीच्या चेनला एक इवलंसं पितळी कुलूप असायचं. डिस्पॅचच्या दुसऱ्या पाळीतले कदम एकदा न राहवून म्हणाले, "काय राव, तुमची भाजी कोण चोरणार आहे?"

"चोरणार नाही," ते म्हणाले. "कोणी आत काही घालू नये म्हणून हाय."

 

आमच्याकडे त्या वर्षी नवी पद्धत आली होती. सगळं काम तळवड्याच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. चाकणला टेबलांवर नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड. तिथे बसून आपल्या नावाने आत शिरायचं आणि इथल्या सर्व्हरवर काम करायचं. पत्रं लिहायचं आणि हिशेबाचे तक्ते करायचं सॉफ्टवेअरही सर्व्हरवर एकदाच टाकायचं, ते सगळ्यांनी वापरायचं. साहेबांना, म्हणजे मालकांना, हे फार आवडलं होतं. एकदाच टाकायचं म्हणजे एकदाच घ्यायचं, असा त्यांचा समज झाला.

साहेबांच्या मेहुण्यांनी बाजारातून त्या सॉफ्टवेअरचा एक खोका आणला. ते सर्व्हरवर चालेना. सुरू केलं की स्क्रीनवर सूचना यायची, हा परवाना एका कॉम्प्युटरपुरता आहे, सामायिक कॉम्प्युटरवर चालणार नाही. आधीचा कॉम्प्युटरवाला म्हणाला होता, "करून देतो, सूचनाच येणार नाही असं करतो." यांनी खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून दिला.

"हे माझ्याच्यानं होणार नाही. सामायिक वापराचा परवाना वेगळा असतो. तो माणशी घ्यावा लागतो."

"माणशी कशाला? खुर्चीमागे घेऊ. एका खुर्चीवर एका वेळी एकच माणूस बसतो ना?"

"बसतो."

"मग?"

"मग पगार बी खुर्चीलाच द्या."

मी फायलीत तोंड घातलं. साहेब हसले नाहीत. शेवटी योग्य प्रकारचे परवाने आले, पण खुर्चीमागे एकच. चाकणच्या डिस्पॅचच्या खुर्चीसाठी आलेला परवाना सुरेखाच्या नावावर पडला, कारण पहिल्या पाळीला ती बसायची. बाकीच्या दोन पाळ्यांनी तिचंच नाव वापरावं, असं साहेबांनी तोंडी सांगितलं. लेखी नाही. साहेब अशा गोष्टी लेखी सांगत नाहीत.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, पाळी बदलताना प्रेस मशीन बंद करत नाहीत. जाणारा बाजूला होतो, येणारा त्याच्या जागी उभा राहतो, मशीन चालूच. ऑफिसातली बहुतेक मुलं-माणसं शॉपवरूनच वर आलेली. त्यांनी कॉम्प्युटरलाही तोच नियम लावला. सुरेखा उठायची, कदम बसायचे, कदम उठायचे, रात्रपाळीवाला बसायचा. नाव सुरेखाचं, तक्ता उघडाच, खुर्ची गार व्हायची सोय नाही. कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. चालू मशीन ताब्यात देणं हा आमच्याकडे कामसूपणा समजतात.

यांना मात्र सर्व्हरच्या नोंदीत एक बाई दिसायची, जी कधी घरीच जात नव्हती.

"मॅडम, ह्या सुरेखाताई झोपतात कधी?" त्यांनी मला विचारलं.

कारण मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही असं नाही, पुरलं नाही. ते चाकणला जाऊन बसायला लागले. डिस्पॅचच्या कोपऱ्यात एक स्टूल घेऊन, काही न बोलता. सुरेखा माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ती चाकणजवळच्या खेड्यातली. घरची शेती कंपन्यांत गेलेली, नवरा आजारपणाने घरी बसलेला. त्या घरात टेबलखुर्चीवर काम करणारी ती पहिली.

"मॅडम, त्यो मानूस माज्या खुर्चीला हात लावून बगतोय. मी पानी प्यायला उठले तरी. आमी काय चोर हाय का?"

मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "चोर कोण ते मला ठाऊक नाही. म्हणून तर बघायलोय."

मला तेव्हा दोन शंका होत्या. एक, हा माणूस सगळ्यांच्या नावाने परवाने विकायची जमीन तयार करतो आहे. दुसरी, तो खरोखरच असा आहे. दुसरी जास्त त्रासदायक होती. विकणाऱ्याला नाही म्हणता येतं.

मग ती फाइल बाहेर गेली.

आम्ही एका मोठ्या गाडीकंपनीला सुटे भाग देतो. त्यांच्यासाठीचं आमचं दरपत्रक आमच्या एका स्पर्धकाच्या हाती पडलं. गाडीकंपनीला ते कळलं आणि त्यांनी साहेबांना पत्र पाठवलं, जबाबदार व्यक्ती कोण आणि कारवाई काय, ते लेखी कळवा. सर्व्हरच्या नोंदीत उत्तर तयार होतं. फाइल सुरेखाच्या नावाने बाहेर पाठवलेली होती, पाळी बदलायच्या सुमारास.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सुरेखा उभी, कदम उभे, मी आणि आमचे कॉम्प्युटरवाले बसलेले.

"मी उठले व्हते सायेब," सुरेखा म्हणाली. "कंपनीची बस सुटंल म्हनून पळत गेले. मागं कोन बसलं ते म्या न्हाई बगितलं."

"मी आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती," कदम म्हणाले. "तक्ता उघडा होता, एवढंच."

दोघं खरं बोलत असतील. दोघांपैकी एकजण खोटं बोलत असेल. मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांनी दोघांना बाहेर पाठवलं आणि मला एक निवेदन टाइप करायला सांगितलं. सदर फाइल श्रीमती सुरेखा यांच्या नावाने पाठवली गेल्याचे तांत्रिक तपासणीत आढळले. खाली यांची सही. एवढा कागद गेला की गाडीकंपनीचं समाधान होणार होतं आणि सुरेखाला त्याच संध्याकाळी काढायचं होतं. आमच्या पट्ट्यात असं नाव एका गेटवर खराब झालं, की दुसऱ्या कुठल्याच गेटवर आत घेत नाहीत. हे साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. कागदात मात्र एक शब्द खोटा नव्हता.

मी प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला, मागची बाजू पाहिली, पुन्हा टेबलावर ठेवला.

"एक ओळ राहिली," ते म्हणाले. "हे नाव तिन्ही पाळ्यांतली माणसं वापरत होती, आन् तसं मालकांनी सांगितलेलं होतं."

साहेब पुढे झुकले. "ती ओळ बाहेर गेली तर सॉफ्टवेअरवाली कंपनी माझ्या दारात येईल. कळतंय का?"

"येईल."

"महिनोन्‌महिने तुम्हीच त्या बाईच्या मागे लागला होता. आता अचानक तिचा पुळका?"

"पुळका कशाचा? मला विचारलंत नाव कोणाचं, मी सांगितलं. बोट कोणाचं ते मला दिसलेलं नाही. अर्ध्या कागदाखाली माझी सही कशाला?"

"सरळ सांगा ना, तुम्हाला लायसन्स विकायचीत."

"विकायचीत की. धंदा हाय माझा. पण ते उद्या बोलू."

सही झाली नाही. साहेबांनी कागद उचलला, फाडला नाही, घडी करून खणात टाकला. गाडीकंपनीला दुसरं पत्र गेलं, त्यात कोणाचंच नाव नव्हतं, व्यवस्था सुधारत असल्याचं लिहिलं होतं. सुरेखा राहिली.

ते बाहेर पडले तेव्हा ती जिन्याजवळ उभी होती. डोळे पुसलेले दिसत होते. तिने काही म्हणायच्या आत यांनीच सुरुवात केली.

"ताई, मी तुम्हाला सोडवलं असं समजू नका. माझा तुमच्यावर संशय अजून हाय."

"असू द्या," सुरेखा म्हणाली. "माजा बी तुमच्यावर हाय."

ते मान हलवून खाली उतरले. हे दोघांचं एकमेकांशी झालेलं सर्वांत सलोख्याचं बोलणं असावं.

त्याच महिन्यात साहेबांनी प्रत्येक माणसाच्या नावाने परवाने मागवले. मागवले दुसऱ्याकडून. आणि यांचा करार पुढे चालू ठेवायचा नाही, असं मला सांगितलं. त्यांच्या विक्रीबद्दलची माझी शंका तिथे संपली म्हणायला हरकत नाही. कदमांची संपली नाही. ते जेवताना म्हणाले, "मॅडम, फाइल त्यानेच पाठवली असेल. सर्व्हरची किल्ली कोणाकडे होती? म्हणूनच सही नको होती त्याला." कदमांना हे सुचावं, याचीही मी मनात नोंद केली. करार संपल्यावर कॉम्प्युटरवाल्यांचं संशय घ्यायचं काम आम्ही सगळ्यांनी वाटून घेतलं, असं म्हणा.

शेवटच्या दिवशी ते तळवड्याला आले. मी सर्व्हरच्या खोलीत बसले. कुठलं बटण दाबायचं ते सांगत गेले, मी दाबत गेले, आणि सर्व्हरवरून त्यांचं नाव निघालं. मग त्यांनी स्वतः कीबोर्ड ओढला आणि जुन्या नावाने आत जाऊन पाहिलं. नकार आला. पुन्हा पाहिलं. पुन्हा नकार.

"झालं की," मी म्हटलं.

"इथून झालं. चाकणहून बघायला पाहिजे."

मी सुरेखाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. त्यांनी फोनवर वाकून आपलं नाव सांगितलं आणि मग, माझ्यासमोर, पासवर्ड सांगायला सुरुवात केली. एकेक अक्षर. मी हातातलं काम थांबवलं. इतक्या दिवसांत या माणसाच्या घरचं काही कळलं नव्हतं. निदान एखाद्या मुलीचं नाव निघेल, गावाचं, देवाचं. काही निघालं नाही. नुसती अक्षरं आणि आकडे, कशाचाच कशाला मेळ नाही, आणि सगळं त्यांना तोंडपाठ.

"वो, सावकाश सांगा की," सुरेखा ओरडली. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, सावकाश.

चाकणहून प्रेस मशीनचे ठोके ऐकू येत होते. मग तिचा आवाज आला.

"न्हाई वो. आत घेत न्हाई तुमास्नी."

"नक्की?"

"दोनदा बगितलं."

"अजून एकदा बघा," ते म्हणाले, आणि तिचं उत्तर येईपर्यंत पिशवी खांद्याला लावून फोनपाशी उभे राहिले.