आमचं मंगळवारचं सरकार

आमच्या शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मेलबॉक्समध्ये रोज पिझ्झ्याची आणि गालिचे धुण्याची कूपनं येऊन पडतात. कोणी मागवलेली नसतात. सून म्हणते टाकून द्या, मी टाकत नाही, ड्रॉवरमध्ये कोंबतो. किस्स्यांचंही तसंच आहे. चार म्हातारी एका खोलीत बसली की आपोआप येऊन पडतात. आता माझा ड्रॉवर लागेनासा झालाय, म्हणून थोडे बाहेर काढतो. ज्याला खोटे वाटतील त्याला वाटू देत. मी कोणाकडे सर्टिफिकेट मागायला येणार नाही!

आधी माणसं सांगतो. मला सगळे आप्पा म्हणतात. सातवी नापास. तालुक्याच्या कोर्टात तेवीस वर्षं पट्टेवाला, पुढची आठ वर्षं बेलीफ. बेलीफ म्हणजे समन्स घेऊन लोकांच्या दारात उभा राहणारा नकोसा माणूस. दुसरे रानडे, पुण्याचे रिटायर प्रिन्सिपॉल, इंग्रजी फाडफाड. तिसरे सोनटक्के, एसटीत डेपो कंट्रोलर होते. आणि विमलताई, नागपूरकडच्या, आमच्यातली एकटी बाई आणि एकटी हुशार. चौघांनाही पोरांनी इकडे आणून ठेवलेलं.

दर मंगळवारी सकाळी दहाला लायब्ररीच्या मागच्या खोलीत आमचा सिटिझनशिपचा क्लास असायचा. शिकवायला बार्बराबाई, शाळेतून रिटायर झालेल्या. फुकट शिकवायच्या आणि वर घरच्या कुकीज आणायच्या.

टीव्हीवर इराकची लढाई चालू होती, त्या काळातला एक हिवाळा. बार्बराबाईंनी प्रश्नांची वही मिटली आणि म्हणाल्या, "पाठांतर पुरे. समजा तुम्ही नवा देश काढताय. तेरा राज्यं आहेत, सगळी राजाला वैतागलेली. देशाला सरकार तर हवं, पण लहान, हात बांधलेलं. त्याचा मुख्य कारभारी कसा असावा आणि कोर्टं कशी असावीत, ते तुम्ही ठरवायचं. चार मंगळवार देते."

रानडे लगेच पेनाचं टोपण काढून बसले. विमलताईंनी मात्र वहीसुद्धा उघडली नाही. मी विचारलं, "काय झालं?"

"नितीननं तिकीट काढलं माझं," त्या म्हणाल्या. नितीन म्हणजे त्यांचा थोरला, इथे आयटीत. "महिनाभरानं, शनिवारी. ओहायोत डब्लिनले, धाकट्याच्या घरी. म्हणे सहा महिने इथं, सहा महिने तिथं. दोघा भावांनी फोनवर ठरवलं. मले कोणी विचारलं बी नाही. मी का पार्सल आहो?"

त्यांच्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूचं पत्र शिकागोहून कधीही येणार होतं. चार वर्षं घोकून बाई तयार झालेली. पत्ता बदलला की फाइल ओहायोला जाणार, आणि फाइल एकदा प्रवासाला निघाली की काय होतं ते मी कोर्टात एकतीस वर्षं पाहिलंय.

* * *

पहिला वाद, कारभारी किती असावेत?

सोनटक्के म्हणाले, "तीन ठेवा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. डेपो असाच चालतो."

रानडे म्हणाले, "अहो, हा देश आहे, स्टँड नव्हे!"

"देशात गर्दी कमी असते का?"

बार्बराबाईंनी सांगितलं की ज्यांनी खरा देश काढला त्यांच्यातसुद्धा तीन ठेवा म्हणणारे होते. झालं! सोनटक्के तो सगळा आठवडा छाती काढून फिरले. शेवटी मी उठलो. म्हटलं, "एकच ठेवा. तिघं असले की प्रत्येक जण म्हणणार, ते माझ्या पाळीत झालं नाही. शिव्या द्यायला तोंड एकच लागतं."

रानड्यांनी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. शिव्या गाळल्या असणार, कारण बाई म्हणाल्या, "हाऊ वाइज!"

* * *

रानड्यांच्या भाषांतराचा त्रास फार.

जज्ज किती वर्षं असावा हे चाललं होतं. मी म्हटलं, "किती वर्षं ते सोडा. आधी लिहा, त्याची बदली करता येणार नाही." बाईंना कळेना. बदलीत वाईट काय? उलट नवं गाव बघायला मिळतं!

मग मी सांगितलं. आमचे एक जज्ज साहेब होते. त्यांनी तालुक्यातल्या बड्या माणसाविरुद्ध निकाल दिला. महिन्याच्या आत बदली. कुठे, तर जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे. कोणी केली, कशी केली, कागदावर काही नाही. त्यांचं सामान मीच ट्रकमध्ये चढवलं. त्यांच्या बाईसाहेब शिवणाचं मशिन मांडीवर घेऊन पुढे बसल्या. पुढच्या जज्जाने त्या बड्या माणसाची केस वर्षभर उघडलीसुद्धा नाही.

चांगली दहा मिनिटं बोललो. रानडे बाईंकडे वळले आणि म्हणाले, "ही इज अगेन्स्ट ट्रान्सफर्स."

बास! एवढंच! मी म्हटलं, "रानडे, मांडीवरचं मशिन कुठे गेलं?"

ते म्हणाले, "तो तपशील आहे."

विमलताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत पहिल्यापासून सगळं सांगितलं. मशिनसकट. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि फळ्यावर कलम लिहिलं.

* * *

जज्जाचं वय मात्र रानड्यांनी सोडलं नाही. "पासष्टला रिटायर करा. त्यानंतर माणसाची बुद्धी चालत नाही."

सोनटक्के म्हणाले, "तुम्हाला किती झाली?"

"एकाहत्तर."

"मग हे कलम बाद! सुचवणाऱ्याची बुद्धी चालत नाही."

* * *

पुढच्या मंगळवारी प्रश्न आला, या कारभाऱ्याला कोर्टात बोलावता येईल का?

रानडे म्हणाले, "नाही. पदाची प्रतिष्ठा असते."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, ऐका. आमच्या कोर्टात एकदा मामलेदाराची साक्ष होती. मामलेदार म्हणजे तालुक्याचा राजा. तो समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला, कोर्टात येईना. जज्ज म्हणाले, पुकारा कर. मी दारात उभा राहून त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तीनदा ओरडलो. नुसतं! पुकाऱ्यात साहेब नसतो. बाजारचा दिवस होता, माणसं वळून बघायला लागली. तिसऱ्या पुकाऱ्याला मामलेदार हातात बशी तशीच घेऊन धावत आला.

"म्हणून लिहा," मी म्हटलं, "कोर्टाच्या दारात सगळ्यांना नुसत्या नावाने बोलवायचं. अध्यक्ष असला तरी!"

रानडे म्हणाले, "हे फारच होतंय."

मी म्हटलं, "तुम्हाला कधी नुसत्या नावाने कोणी हाक मारली नाही, म्हणून तसं वाटतं. आम्हाला सवय आहे."

त्या दिवशी भाषांतर पूर्ण झालं.

* * *

लढाई कोणी सुरू करायची, यावर सोनटक्के लेक्चर देणार होते. तोंड उघडलं, तेवढ्यात बार्बराबाई म्हणाल्या, "माझा भाचा तिकडे आहे." मग स्वतःच खडू घेतला आणि लिहिलं, एकट्या माणसाने नाही. दोनदा खाली रेघ मारली.

कुकीजचा डबा त्या दिवशी कोणी उघडला नाही.

* * *

क्लासमधलं घरी न्यायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. माझा मुलगा संदीप घरातलं हिटिंग सहासष्ट फॅरनहाइटच्या वर जाऊ देत नाही. मी त्याला म्हटलं, "कारभाऱ्याचा हुकूम योग्य की अयोग्य, ते तपासायला कोर्ट लागतं. तू एकट्याने ठरवायचं नाही."

नऊ वर्षांची नात, शाळेत सरकारच्या तीन शाखा नुकत्याच शिकलेली, म्हणाली, "आजोबा, यू आर नॉट इव्हन अ ब्रांच!"

बरं! म्हटलं, बघू. शुक्रवारी संदीपचा बॉस जेवायला आला. मी ओव्हरकोट, मफलर, कानटोपी आणि हातमोजे घालून टेबलावर बसलो आणि काट्याने वरणभात खाल्ला. बॉसने हळूच विचारलं, "इज ही ओके?"

संदीप उठला. बहात्तर झालं. आजतागायत बहात्तर आहे!

* * *

तिसऱ्या मंगळवारी विमलताई म्हणाल्या, "आपलं कोर्ट नुसतं फळ्यावर आहे का खरंच आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"काहून की माझी एक केस आहे. हुकूम निघाला, आणि ज्याच्यावर निघाला त्याले ऐकलंच नाही. असं चालते का आपल्या देशात?"

रानड्यांनी इंग्रजी केलं, तशा बार्बराबाई म्हणाल्या, "नॉट इन दिस रूम!" आणि डबा पुढे सरकवला.

रानडे जज्ज झाले. त्यांना व्हायचंच होतं. समन्स त्यांनी लिहिलं, नितीनच्या नावाने, पुढच्या मंगळवारी सकाळी दहा. बजावायचं काम माझं. तेरा वर्षांनी हातात समन्स आलं, घडी घालून आतल्या खिशात ठेवलं.

नितीनचं टाउनहाऊस आमच्या मागच्याच गल्लीत. बेल वाजवली. त्याने वाचलं, हसला, आणि कागद परत माझ्या हातात दिला. "काका, कमॉन! आईची सोय बघतोय मी. आम्ही दोघं जॉबला जातो, ती दिवसभर एकटी. तिकडे निदान धाकट्याची बायको घरी असते." पोरगं वाईट नाही. पण विचारलं नाही ते नाहीच. त्याने दार लावून घेतलं.

समन्स घ्यायला नकार दिला, तर ते दारावर डकवायचं आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, असा कायदा आहे. निदान माझ्या डोक्यात आहे. घरी आलो, गॅसवर मैद्याची खळ शिजवली. सून म्हणाली, "बाबा, टेप आहे ना!" म्हटलं, "टेप सुटते."

एक पंच सोनटक्के. रानडे बर्फावरून यायला तयार होईनात, शिवाय जज्जाने पंच व्हायचं नसतं. मग गल्लीत रोज उलटं चालण्याचा व्यायाम करणारे एक चिनी आजोबा होते, त्यांना थांबवलं. आम्हाला त्यांची भाषा येईना, त्यांना आमची. दाराकडे बोट दाखवलं, कागदाकडे दाखवलं, पोरगं आणि आई हाताने करून दाखवली. त्यांनी मान हलवली, दाराकडे रागाने बघितलं आणि उभी सही ठोकली! मग पुन्हा उलटे चालत गेले.

खळ अशी बसली की कागद निघेना. ओढला तर रंग निघाला. तीन दिवसांत तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनचं नितीनला पत्र आलं, दारावर विनापरवाना नोटीस लावणं नियमात बसत नाही. सोनटक्के म्हणाले, "बघा, इथेही दारावरच्या कागदाला सरकार घाबरतं!"

* * *

चौथा मंगळवार. तिकीट त्याच शनिवारचं. विमलताईंची बॅग भरून दारात उभी होती, सुनेने भरलेली.

दहाला पाच कमी असताना नितीन आला. ऑफिसला जायच्या कपड्यांत, गळ्यात बॅज, हातात असोसिएशनचं पत्र, कान लाल. तडक आत शिरायला लागला. मी दार अडवलं. म्हटलं, "पुकारा झाल्याशिवाय नाही."

पण लायब्ररी! मोठ्याने बोलायची बंदी. समोर काउंटरवरची बाई माझ्याकडेच बघत होती. एकतीस वर्षं ज्या आवाजाने बाजार थांबला, तो आवाज गिळला आणि तीनदा कुजबुजलो, "नितीन वसंत भोयर... हाजिर हो." तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"काका, धिस इज क्रेझी!"

"हळू बोल. कोर्ट आहे."

आत आला. रानडे कोट घालून बसलेले. बार्बराबाई एका कोपऱ्यात, हात मांडीवर. नितीनने एकदम सुरू केलं. घर कसं रिकामं असतं, आईला पायऱ्या चढवत नाहीत, भावाचंही मन आहे, सगळं आईच्या भल्यासाठी. बोलला चांगलं. खोटं एक अक्षर नव्हतं. सोनटक्केसुद्धा मान डोलवायला लागले, मी त्यांना कोपर मारलं.

रानडे म्हणाले, "झालं? आता त्यांना बोलू द्या." आणि विमलताईंकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं मत न जोडता, त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

विमलताई उभ्या राहिल्या. शाल सारखी केली. खिडकीबाहेर पार्किंगमधला बर्फ उपसणारी गाडी जात होती, ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली. बार्बराबाई पुढे सरकून बसल्या.

"आई, बोल ना!" नितीन म्हणाला. "यू हॅव टु से समथिंग!"

"बोलतो ना बाप्पा. पण हे असं मले आजवर कोणी विचारलंच नव्हतं. घाईत कसं सांगू?" त्या रानड्यांकडे वळल्या. हात जोडले. "जज्जसाहेब, मले विचार करायले तारीख पाहिजे जी. पुढचा मंगळवार."

रानड्यांनी डायरी उघडली, पान उलटलं. "मंगळवार, सकाळी दहा. मंजूर."

"अहो, पण तिकीट शनिवारचं आहे!" नितीन ओरडला.

काउंटरवरच्या बाईने काचेतून ओठांवर बोट ठेवलं.