ओट्यापुरता कोरा कागद

चाळिशी उलटल्यावर मला चित्रकलेचा झटका आला. शाळेत मी विज्ञान शिकवते. फळ्यावरचं बेडकाचं हृदय सोडलं, तर उभ्या आयुष्यात धड काही काढलेलं नव्हतं. मोबाइलवरच्या क्लासमधल्या सरांनी मार्करचे दोन नियम सांगितले आणि दोन्ही माझ्या स्वभावाविरुद्ध. एक, फिक्या रंगाकडून गडदाकडे जायचं, घाई करायची नाही. दोन, मार्करमध्ये पांढरा धरायचाच नाही. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. टेकवलेला मार्कर काही पुसता येत नाही.

पहिला गृहपाठ होता, बाहेर बसून एक गल्ली काढा. रविवारी सकाळी मेहकरच्या जुन्या भागात एका गल्लीत घडीचं स्टूल टाकलं. समोर एक बाई घरापुढच्या ओट्यावर शिलाई मशीन मांडून ब्लाउज शिवत होती. मी हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि उभ्या पेन्सिलीवर अंगठा सरकवत ओट्याची उंची मापली. सरांनी असंच शिकवलं होतं.

मशीन थांबलं. पाच मिनिटांत अर्धी गल्ली माझ्याभोवती.

“मॅडम, रस्ता कितीक फूट वाढवून राह्यले?” एका आजोबांनी विचारलं.

“रस्ता नाही हो, मी चित्र काढतेय.”

“मंग एक डोया मिटून मोजून काऊन राह्यल्या?”

मी ‘प्रमाण’ या विषयावर छान व्याख्यान दिलं. विज्ञानाच्या मास्तरणीला दुसरं काय येतं! त्याने संशय आणखी पक्का झाला. त्यात दारासाठी म्हणून मी लाल मार्करचं टोपण उघडलं, तशी ती बाई ओट्यावरून उतरून तरातरा आली.

“लाल नका लावू, मॅडम. लाल फुली मारली का मांगून जेसीबी येते. हे मशीन आत मावत नाही, अन् आत उजेडबी नाही. हा ओटा गेला त मी बसू कुठी?”

“अहो, हे नुसतं चित्र आहे!” मी चिडलेच.

“असंन. पन माहा ओटा कागदावर घेऊ नका.”

शेवटी मीच हार मानली. दार, पत्रे, विजेच्या तारा, मशीन आणि ती बाई, सगळं काढलं. ओट्याची जागा तेवढी कोरी ठेवली. चित्र पाहून सरांनी विचारलं, “या बाई हवेत बसून शिवतायत का?” अख्खा क्लास हसला. मीही हसले.

दोन महिन्यांनी खरी मोजणी झाली. पालिकेच्या लोकांनी डोळाबिळा मिटला नाही, सरळ फीत लावली. मला कळलं तेव्हा ओटा पडून आठवडा झाला होता. माझा त्यात काही हात नव्हता, तरी त्या गल्लीत शिरताना मला अपराध्यासारखं वाटत होतं. बाई उंबऱ्याच्या आत, मशीन आडवं कोंबून, भरदिवसा बल्ब लावून शिवत होती. मला पाहताच उठली.

“मॅडम, तुमच्या त्या चित्रात माहा ओटा असंन ना? मले त्याची झेरॉक्स द्या.”

मी पिशवीतली चित्रांची वही उघडून तिच्यापुढे धरली. चित्रात ती हवेत बसली होती. तिने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

“हाव,” ती म्हणाली. “मीच नाही म्हनलं होतं.”

मला फार वाईट वाटलं. पण कागद तिथे अजून कोराच होता. मी तिथल्या तिथे मातीत बसले आणि पेन्सिल काढली.

“पायऱ्या किती होत्या?”

“दोन. खालची फुटेल होती.”

“आणि उंची?”

सवयीने मी हात ताठ केला, एक डोळा मिटला. समोर मापायला काहीच नव्हतं. बाई रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि तिने कमरेजवळ तळहात आडवा धरला.

“इथलोक होता.”

मी तिचा हात मापून घेतला.