फोटोतली माशी

नळदुर्गात पिकांच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर बसणारा एकजण आहे. गिऱ्हाइकाशी तुटक बोलतो. रविवारी मात्र मोबाइलला भिंग चिकटवून कुणाच्याही बांधावर पालथा पडलेला असतो आणि फुलावरच्या मधमाशीला म्हणतो, “थांब गं माय, लई हलू नको.” तो श्वास रोखतो, तसा बघणाऱ्याचाही अडकतो.

माझं सूर्यफूल ऐन फुलात असताना अळी पडली. सोमवारी सकाळीच मी जहाल औषध मागायला गेलो. त्यानं बाटली काढली, पण हातातच ठेवली आणि मोबाइल पुढं केला. फोटोतल्या माशीच्या मागच्या पायांना परागाचे पिवळेधमक गोळे चिकटले होते.

“काका, ही तुमच्याच रानातली. काल काढली. आता सांगा, देऊ का?”

बाटलीसाठी पुढं केलेला हात मी मागं घेतला. त्यानं बाटली परत फळीवर ठेवली आणि निंबोळी अर्क दिला. “ह्यो मारा. त्यो बी दिवस मावळताना, माश्या घरी गेल्यावर.”

यंदा फुलं दाण्यांनी गच्च भरली. त्यातलं सगळ्यात मोठं त्याच्यासाठी घेऊन गेलो.

“मला कशाला?” म्हणाला. मग मोबाइलवर तोच फोटो उघडला आणि फूल त्या माशीपुढं ठेवलं.