तांब्याच्या हंड्यातलं पाणी

वैरागच्या परीक्षा केंद्रावरची आठवडाभराची ड्यूटी संपवून दुपारी घरी आले आणि चपला काढायच्या आधी मधल्या खोलीतल्या काचेच्या पेटीपाशी गेले. समुद्रफूल मिटलं होतं. नुसतं मिटलेलं नव्हे, आकसून त्याचा लिंबाएवढा तपकिरी गोळा झाला होता. शंखात राहणारा खेकडा शंख सोडून वाळूवर पडला होता. हा खेकडा धडधाकट असताना असा उघडा कधी पडत नाही, हे मी शाळेत मुलींना दर वर्षी शिकवायचे.

पेटी रेल्वेच्या जुन्या बॅटरीची होती, एकसंध जाड काचेची. नवरा रेल्वेत, त्यानं ती भंगारातून मिळवली आणि सोड्यानं कितीतरी वेळा धुतली. लोखंडी चौकटीची पेटी खाऱ्या पाण्यात गंजली असती. लग्नानंतर रत्नागिरीला गेलो तेव्हा खडकांतल्या डबक्यांपाशी मी तासन्तास बसून राहिले होते, ते त्याच्या लक्षात होतं. तिथूनच वाळू, दोन दगड, समुद्राचं पाणी आणि हे तीन जीव आणले: समुद्रफूल, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा दिसणारा प्राणी, खेकडा आणि बोटाएवढा एक ठिपक्यांचा मासा. सगळे म्हणाले, सोलापूरच्या उन्हात आठवडाभर टिकणार नाहीत. चार वर्षं टिकले होते. त्यात माझी हुशारी फारशी नव्हती. जीव थोडे ठेवायचे, खायला थोडं घालायचं, आणि पाणी उडालं की काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी भरायचं. पाणी उडतं, मीठ मागं राहतं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

खाली वाकून पाहिलं. पाणी बरोबर खुणेला लागलेलं. पाणी भरायचं मी नवऱ्याला सांगून गेले होते, पण मी निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला कामावर कुर्डुवाडीला बोलावून घेतल्याचं मला आज एस.टी. स्टँडवरच कळलं होतं. मग पाणी भरलं कुणी?

"अव्वा," मी सासूबाईंना हाक मारली, "पेटीत पाणी कुणी घातलं?"

"म्या. दुसरं कोण हाय घरात?" त्या पदराला हात पुसत आल्या. आवाजात जरा ऐटच होती. "रोज सकाळी घातलं, खुणेपर्यंत. तू त्याला सांगून गेलतीस की."

मला नवल वाटलं. आमचं घर लिंगायत, पक्कं शाकाहारी. मासा घरात आला त्या दिवसापासून अव्वांनी पेटीकडे धड पाहिलं नव्हतं. मधल्या खोलीतून जाताना तोंड फिरवून जायच्या.

"माठातलं घातलंत ना?"

"माठातल्याला नळाच्या औषदाचा वास लई येतोय. मुक्या जिवांना ते कशाला? हंड्यातलं घातलं. पूजेचं."

पूजेचा हंडा तांब्याचा होता. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी माणसं मुद्दाम पितात. पण असल्या बिनकण्याच्या समुद्री जिवांना तांब्याचा अंशसुद्धा विषासारखा. हे मी कॉलेजात शिकले होते आणि घरात कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

"काय झालं? पाणी वाईट हुतं व्हय?"

"आधी यांना बाहेर काढू, अव्वा."

कोपऱ्यात चिनी मातीच्या बरणीत समुद्राचं राखीव पाणी होतं. मी समुद्रफूल दगडासकट उचलून त्यात ठेवलं. खेकड्याचा एक पाय किंचित हलला, म्हणून त्यालाही त्यात सोडलं. मासा वाडग्यात धरून बरणीत सोडायला फार वेळ लागला. एवढ्यात वीज गेली आणि पाण्यात हवा सोडणारा विजेचा पंप बंद पडला. अशा वेळेसाठी ट्रकची जुनी ट्यूब होती. तिच्यात हवा भरून बारीक नळीनं ती पाण्यात सोडायची. पण ट्यूब चपटी पडली होती. मी सायकलचा पंप मारू लागले. दमले तेव्हा अव्वांनी तो माझ्या हातातून घेतला, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि मारू लागल्या. पाण्याची टंचाई होती, तरी आपल्या अंघोळीच्या बादलीत पोतं बुचकळून त्यांनी बरणीभोवती गुंडाळलं.

त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मला तांब्याचं सांगावंच लागलं.

"म्हंजे म्याच इष घातलं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत असणार, अव्वा?"

संध्याकाळी खेकडा मेला. मी त्याला कागदात गुंडाळत होते, तर अव्वांनी हात पुढे केला. परसातल्या बेलाखाली त्यांनीच खड्डा केला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी कुर्डुवाडीला फोन लावला. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो एवढंच म्हणाला, "रजा टाकतो. पाणी घेऊनच येतो." रत्नागिरीपर्यंत एस.टी.नं जायचं, कॅन भरायचे, तसंच परत यायचं. तोवर त्या बरणीत दोन जीव जगवायचे होते.

दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी बरणीवर वाकले आणि मला कुजका वास आल्यासारखं वाटलं. समुद्रफूल मेलं की झपाट्यानं सडतं आणि सोबतच्या माशालाही घेऊन जातं. वास आला की काढून टाकायचं, हा नियम मला पाठ होता. गोळा तसाच होता, निपचित. मासा वर येऊन हवा गिळत होता. मी बाही सावरून हात बरणीत घातला.

"थांब," अव्वा म्हणाल्या. "हात लावून बघ आधी."

मी बोट टेकवलं. गोळा मऊ लागला, पण हाताला सुटून आला नाही. दगडाला चिकटून होता. मेलेलं धरून राहत नाही, असं मला वाटलं, खात्री नव्हती. थांबलं आणि चुकलं, तर मासाही जाणार. मी अव्वांकडे पाहिलं. त्यांचे डोळे बरणीवर होते, ओठ हलत होते.

हात बाहेर काढला. दुपार सरता सरेना. वीज गेली की पंप मारायचा, पोतं भिजवायचं, वास घ्यायचा. पुन्हा तेच.

नवरा आला तो घामानं निथळत, दोन्ही हातांत कॅन. पाणी ऊन झालेलं होतं. ते निवेपर्यंत आम्ही तिघं कॅनांकडे बघत बसलो. मग बरणीतलं निम्मं पाणी काढून नवं हळूहळू सोडलं. पेटी रिकामी करून घासली, जुनी वाळू फेकून दिली आणि उरलेलं नवं पाणी भरून दोघांना परत पेटीत ठेवलं.

दोन दिवसांनी मी शाळेला निघत होते, तेवढ्यात आतून अव्वांची कानडी हाक आली, "बा, बा! नोड!" ये, बघ. गोळ्याच्या टोकाला पाकळ्यांसारखे चार-पाच दोरे बाहेर आले होते, पांढुरके, अगदी आखूड. मासा दगडाखाली त्याच्या जागी बसला होता. मला रडू फुटलं. अव्वांना नाही.

त्यानंतर पेटीचं पाणी अव्वाच बघायच्या. ते समुद्रफूल पुढं आणखी बरीच वर्षं जगलं. एका उन्हाळ्यात दुभंगून त्याची दोन झाली. त्यांना खायला मी सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची पूड शाळेतल्या कपाटात ठेवून चिमूटभर लपवून आणायचे. एकदा ती पुडी अव्वांना सापडली. त्यांनी नाकाला पदर लावला, पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "त्याचं अन्न हाय ते. लपवतीस कशाला? डबीत भर, झाकण घट्ट लाव."