एप्रनखालचं पिस्तूल

पुराच्या पाण्याने ट्वायला हेन्सलीचं केस कापायचं दुकान नेलं तेव्हा तिने पन्नाशी ओलांडलेली होती. दुकान ओढ्याकाठी होतं. पाणी ओसरल्यावर तिथे ना खुर्च्या उरल्या होत्या, ना खुर्च्या ज्या भिंतीला टेकायच्या ती भिंत. केंटकीच्या आमच्या डोंगरपट्ट्यात ही पाळी बऱ्याच जणांवर आली, त्यामुळे तिने त्याचं फार दुःख केलं नाही. नवरा लॉनी ऐन उमेदीची वर्षं कोळशाच्या खाणीत घालवून छातीचं दुखणं घेऊन घरी बसलेला. नाकाला नळी लावल्याशिवाय त्याला अंगणापर्यंतही जाता येत नसे. ट्वायलाने उसन्या कात्र्या, मशीन आणि एक घडीची खुर्ची जुन्या गाडीत टाकली आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशांच्या घरी जाऊन केस कापायला सुरुवात केली.

काम तिला मानवलं. मानेवर कात्री फिरायला लागली की म्हातारी माणसं डोळे मिटून घेत आणि पोटातलं सगळं बोलून टाकत. निघताना कोणी अंडी देई, कोणी घरी भरलेल्या टोमॅटोची बरणी. दुकानात आरशासमोर उभं राहून जे सुख तिला कधी मिळालं नव्हतं ते या स्वयंपाकघरांमध्ये मिळत होतं, असं ती लॉनीला सांगे.

मग ऑक्टोबरातल्या एका दुपारी एक पिकअप तिच्या मागे लागली. अरुंद पुलाच्या अलीकडे ती पुढे आली आणि आडवी उभी राहिली. हातात लोखंडी पान्हा घेतलेला एक माणूस उतरला. त्याने पैशांची पिशवी घेतली, फोन घेतला, आणि कात्र्यांचा डबा उघडून बघून तो सरळ ओढ्यात फेकला. तिच्या अंगाला त्याने हात लावला नाही. जाताना खिडकीत वाकून एवढंच म्हणाला, "तू रोज याच रस्त्याने जातेस. ठाऊक आहे मला."

या एका वाक्याने ट्वायला घरात बसली. शेरीफचे लोक आले, त्यांनी आपुलकीने सगळं विचारून घेतलं, पण तो माणूस काही सापडला नाही. गिऱ्हाइकांचे फोन येत. आम्ही थांबतो, घाई नाही, असं सगळे म्हणत. गुडघ्यांनी अधू झालेली एक आजी तर म्हणाली की केस वाढले तर मी वेणी घालीन, तू जिवाला जप. ते ऐकून ट्वायलाला आणखीच वाईट वाटे. गाडीची किल्ली हातात घेतली की तिला ते वाक्य आठवे आणि ती किल्ली परत खुंटीला लावायची.

पिस्तुलाची गोष्ट लॉनीनेच काढली. बंदुका तिला नव्या नव्हत्या. हरणांच्या शिकारीच्या रायफली घरात होत्या आणि लहानपणी ती बापाबरोबर जंगलात गेलेली होती. पण हरणासाठी बंदूक उचलणं वेगळं आणि माणसासाठी ती कमरेला बांधून फिरणं वेगळं. ती कितीतरी दिवस नाहीच म्हणाली. शेवटी लॉनी म्हणाला की तुझ्याबरोबर गाडीत बसायला मी आलो असतो, पण मला खोकला आला तर चोरालाच माझी पाठ चोळावी लागेल. दोघं हसली, आणि दुसऱ्या दिवशी ती बंदुकांच्या दुकानात गेली.

दुकानदाराने बायकांसाठी म्हणून गुलाबी रंगाचं एक पिस्तूल काढलं. ट्वायला म्हणाली, मला ते कोणाच्या वाढदिवसाला द्यायचं नाहीये. तिने तिथलं सगळ्यात स्वस्त, काळं, तळहाताएवढं पिस्तूल घेतलं. घरी आल्यावर लॉनीने ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे पिस्तूल आहे की किल्लीला लावायचं लटकन?" त्याने विचारलं. पण मग नीट बघून, स्वस्त असलं तरी बनावट चांगली आहे, असंही म्हणाला.

पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या जिनिव्हा स्टॅम्पर जिल्ह्याच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. सत्तरी उलटलेली, आवाज पुरुषी, अंगणात कोंबड्या. गोठ्यामागच्या मातीच्या कड्यासमोर त्या शनिवारी शिकवत. ट्वायलाने पिस्तूल बाहेर काढलं तर म्हणाल्या, ते ठेव खाली, आधी पुलावरचं सांग. ट्वायलाने सगळं सांगितलं.

"तुझ्या मागचा रस्ता मोकळा होता?" जिनिव्हांनी विचारलं.

ट्वायलाने आठवून पाहिलं. "होता की."

"मग गाडी मागे का नाही घेतलीस?"

"सुचलंच नाही, मिस जिनिव्हा."

"ते आधी सुचायला पाहिजे, पोरी. मागची वाट मोकळी असेतोवर हे कमरेलाच राहणार. वाट बंद झाली तरच हे. हे कबूल असेल तर शिकवते, नाहीतर घरी जा आणि माझी अंडी घेऊन जा."

ट्वायलाने कबूल केलं. मग खरं शिकणं सुरू झालं. आयुष्यभर कात्री धरून तिच्या अंगठ्याचा सांधा दुखायचा, आणि या नव्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायला भलताच घट्ट. जिनिव्हांनी तिला तो ओढण्याऐवजी वरचा भाग घट्ट धरून मूठच पुढे ढकलायला शिकवलं. पहिल्या पेटीतली काडतुसं सारखी अडकत राहिली. ट्वायला स्वतःलाच दोष द्यायला लागली, तेव्हा जिनिव्हांनी दुसऱ्या बनावटीची दिली आणि पिस्तूल कुरकुर न करता चालायला लागलं. स्वस्त गोष्टीला काय पचतं ते आधी शोधावं लागतं, असं त्या म्हणाल्या. एकही गोळी अडकत नाही असे कितीतरी शनिवार गेले, तेव्हा कुठे त्यांनी ते कमरेला लावायची परवानगी दिली.

त्याच्याबरोबर राहणं हे मात्र ट्वायलाला स्वतःचं स्वतःच शिकावं लागलं. चापापर्यंत कशाचा स्पर्श होऊ नये म्हणून कडक प्लॅस्टिकची खोळ घेतली, ती पँटच्या आत कमरेला बसायची. सगळ्या पँट एका मापाने मोठ्या घ्याव्या लागल्या. साधा पट्टा खाली ओघळायचा, मग लॉनीचा शिकारीचा पट्टा कापून लहान केला. वाकून मानेवरचे केस कापताना मूठ बरगडीत टोचायची, म्हणून खोळ जरा मागे सरकवली. मागे सरकवली तर गाडीच्या सीटमध्ये रुतायची. चर्चमध्ये कोणी प्रेमाने मिठी मारायला आलं की ती अंग चोरून डाव्या बाजूने मिठी मारायची. शेजारीण म्हणाली, ट्वायला अलीकडे शिष्ट झाली.

आणि केस. कापलेले केस एप्रनमधून, शर्टातून जाऊन पिस्तुलात शिरत. पहिल्यांदा तिने ते उघडून साफ केलं तेव्हा आत पांढऱ्या केसांचा चांगला पुंजका निघाला. लॉनीने विचारलं, कोणाचे आहेत? बघून तिने ओळखलेही. तेव्हापासून ज्या दिवशी काम त्या दिवशी सफाई, हा नियमच झाला. घरी आलं की पिस्तूल आकड्यांच्या कुलुपाच्या पेटीत जायचं. घरी नातवंडं आलेली असोत नसोत.

पण हातात घेतलेली गाडीची किल्ली आता परत खुंटीला जात नव्हती. पहिल्या दिवशी पुलावरून जाताना तिने गाडी हळू केली, आरशात मागचा रस्ता पाहिला आणि पुढे गेली. त्या वेणीवाल्या आजीने दार उघडलं तेव्हा दोघी दारातच रडल्या.

असंच दीडएक वर्ष गेलं. पिस्तूल कधी बाहेर काढावं लागलं नाही, आणि ते आहे याचा तिला दिवसचे दिवस विसर पडे.

हॉब कॉडिल हे तिचं जुनं गिऱ्हाईक. अख्खं खोरं त्यांना पॅप, म्हणजे आजोबा, म्हणायचं. नव्वदीला टेकलेले, आणि आता माणसं विसरायला लागलेले. मुलगी रोबर्टा मागच्या घरात राहून त्यांचं सगळं करायची. त्या दिवशी ट्वायला पोचली तेव्हा रोबर्टा औषधं आणायला गेलेली होती. नेहमीप्रमाणे हाक मारून ट्वायला आत गेली, खुर्ची उघडली, एप्रन बांधला आणि वळली. पॅप आतल्या दारात उभे होते. हातात दुनळी बंदूक होती आणि ती तिच्या पोटाकडे रोखलेली होती.

"माझ्या घरातून काय उचलतेस?" ते म्हणाले.

ट्वायलाचा हात आपोआप एप्रनखाली गेला. बोटं मुठीवर बसली. इतके शनिवार केलेलं असल्यामुळे हाताला विचारावं लागलं नाही. पॅपच्या डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं, नुसती भीती होती. त्याच क्षणी तिला पाठीवर गार वारा जाणवला. आत येताना तिने जाळीचं दार नीट लावलं नव्हतं.

तिने हात मोकळा बाहेर काढला आणि दोन्ही तळवे दाखवले.

"चुकले हो पॅप," ती म्हणाली. "घर चुकलं माझं. जाते मी."

"कुणाची तू?"

"एल्बर्टची मुलगी. ओढ्याखालच्या एल्बर्टची."

"एल्बर्ट भला माणूस आहे," पॅप म्हणाले, पण नळी काही खाली गेली नाही. ट्वायला त्यांच्याकडे तोंड ठेवून एक एक पाऊल मागे सरकली, दाराबाहेर पडली, पायऱ्या उतरली आणि गाडीच्या पुढच्या भागाआड जाऊन बसली. तिथून तिने रोबर्टाला फोन लावला. तिचा स्वतःचा आवाज इतका शांत येत होता की तिला तो दुसऱ्याच कोणाचा वाटला. रोबर्टाच्या गाडीचा आवाज ऐकू आला तेव्हा मात्र ती गवतात ओकली.

रोबर्टाने लांबूनच बापाला हाका मारल्या. तोपर्यंत पॅप ओसरीवरच्या खुर्चीत येऊन बसले होते, दुनळी मांडीवर. मुलीने ती उचलली तर कुरकुरले की केस कापणारी अजून आली नाही, बघ जरा. रोबर्टाने दुनळी उघडली. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या. घरातल्या सगळ्या बंदुका तिने कधीच आपल्या चुलतभावाकडे दिल्या होत्या, ही तेवढी कपाटामागे राहिली होती. रोबर्टा पायरीवर बसली. ट्वायला तिच्या शेजारी बसून राहिली.

तिथून ट्वायला घरी गेली नाही, जिनिव्हांकडे गेली. जिनिव्हा कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. ट्वायलाने सगळं सांगितलं आणि शेवटी हेही सांगितलं, की माझा हात पिस्तुलावर गेला होता. पॅपवर रोखायला. ज्यांनी माझ्या बापाच्या शवपेटीला खांदा दिला त्यांच्यावर.

जिनिव्हांनी मुठीतले दाणे टाकून संपवले. मग म्हणाल्या, "हात जाणारच, मी शिकवलाय तो. दार कुणाला दिसलं?"

"मला."

"झालं तर." त्यांनी तिला आत नेलं, मक्याचा ब्रेड आणि ताक पुढे ठेवलं आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

पुढच्या आठवड्यात ट्वायला पॅपचे राहून गेलेले केस कापायला गेली. लॉनीला ते पटलं नव्हतं, पण त्याने अडवलं नाही. रोबर्टाने घर पार झाडून शोधलं होतं, आणि आता ट्वायला येई तेव्हा ती स्वतः स्वयंपाकघरात बसून असे. पॅपना काहीच आठवत नव्हतं. कात्री मानेवर फिरायला लागल्यावर ते डोळे मिटून म्हणाले, "तुझा हात हलका आहे, पोरी. कुणाची तू?" तिने पुन्हा बापाचं नाव सांगितलं.

त्या हिवाळ्यात पॅप झोपेतच गेले. दफनाआधी त्यांचे केसही शेवटचे ट्वायलानेच विंचरले. रोबर्टाने वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक पाठवला, वरती चिठ्ठी वगैरे काही नाही. नंतर चर्चबाहेर भेटली तेव्हा तिने ट्वायलाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "त्या दिवसानंतर मला बाबा आणखी सहा महिने मिळाले. मी रोज मोजले."

 त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर प्रार्थनेची पाळी ट्वायलाची होती. एरवी ती चार शब्दांत उरकायची. त्या दिवशी तिने लॉनीच्या श्वासासाठी आभार मानले, गिऱ्हाइकांसाठी मानले, जिनिव्हा स्टॅम्पर आणि त्यांच्या कोंबड्यांसाठी मानले. स्वस्तातल्या त्या पिस्तुलासाठी मानले, त्याने मला रस्ता परत दिला म्हणाली, आणि मी ते जसं नेते तसंच रोज घरी परत येतं यासाठी सगळ्यात जास्त. मग उघड्या राहिलेल्या दारांसाठी मानायला लागली तेव्हा लॉनीने एक डोळा उघडला.

"देवाला ऐकायला वेळ आहे गं," तो म्हणाला, "पण बीन्स गार होतायत."

ट्वायलाने आमेन म्हटलं आणि त्याच्या ताटात वाढायला घेतलं.